मिन्स पायमधला खिमा

नाताळात लंडनला एका घरी माझ्यापुढे मिन्स पाय आला. नाव खिम्याचे, आत बेदाणे, सफरचंद, मसाले. आपली करंजीच म्हणा! मी निर्धास्त खाल्ला.

मार्कहॅमच्या १६१५ सालच्या कृतीत मात्र मटणाची तंगडी आहे, चरबी आहे आणि मनुका-खजूरही. गोड आणि तिखटमीठ एकाच पारीत! १८६१ साली मिसेस बीटन दोन कृती देतात, मांसाची आणि बिनमांसाची. चरबी दोन्हींत.

मांसाबरोबर प्रथिनेही गेली; राहिली साखर आणि चरबी. एका पायमध्ये साधारण दोनशेच्या वर कॅलरी. ही चरबी, म्हणजे स्यूट, बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची. हल्ली वनस्पतीजन्यही मिळते.

मी खाल्ली ती कुठली? यजमानीणबाईंना विचारायचा धीर काही झाला नाही.