दिनविशेष : १ नोव्हेंबर १९९८ – स्ट्रासबर्गचे नवे न्यायालय

युरोपीय मानवी हक्क करारातील ११वा प्रोटोकॉल १ नोव्हेंबर १९९८ रोजी अमलात आला आणि स्ट्रासबर्गला पूर्णवेळ न्यायालय मिळाले. त्याआधी पीडिताची तक्रार प्रथम मानवी हक्क आयोगाकडे जाई. तिथे ती टिकली, तरी न्यायालयात नेण्याचा अधिकार बराच काळ आयोगाला वा सरकारांनाच होता. उरलेल्या प्रकरणांचा निवाडा मंत्र्यांची समिती करी. सरकारविरुद्धच्या तक्रारीवर सरकारांच्याच प्रतिनिधींनी निकाल द्यावा, हे न्यायाच्या मुळावर येणारे होते. नव्या रचनेत आयोग गेला, समितीकडे फक्त निकालांच्या अंमलबजावणीवर देखरेख उरली आणि सामान्य माणसाला थेट दाद मागता येऊ लागली.

आयोगाची चाळणी गेल्यामुळेच न्यायालय अर्जांखाली दबले, असा आक्षेप घेतला जातो. २०११मध्ये प्रलंबित अर्ज दीड लाखांवर गेले होते, हे खरेच. पण पूर्व युरोपातील देश याच काळात करारात आले आणि एकाच दोषातून हजारो सारखे अर्ज उभे राहिले. बग नदीपलीकडे मालमत्ता गमावलेल्या पोलिश कुटुंबांचे सुमारे ८० हजार दावे होते. २००४च्या ब्रोनिओव्स्की खटल्यात न्यायालयाने मूळ दोषच दुरुस्त करायला पोलंडला सांगितले. १४व्या प्रोटोकॉलने २०१०पासून उघडपणे अग्राह्य अर्ज एकाच न्यायाधीशाला फेटाळता येऊ लागले आणि २०१५अखेर प्रलंबित अर्ज ६५ हजारांच्या आसपास आले. चाळणी हवीच होती, पण ती न्यायाधीशांच्या हाती असणे हेच योग्य.