माठ, शेरा आणि न्यायासन

बाबासाहेब आंबेडकर १९१८ सालीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकांच्या खोलींतील माठांतून त्यांनीं पाणी प्यावें, यास कांहीं सहकाऱ्यांनीं हरकत घेतल्याचें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. अस्पृश्यतेचें आचरण दंडनीय करणारा कायदा झाला १९५५ सालीं, आणि अत्याचार-प्रतिबंधक कायदा १९८९ सालीं. परंतु तोंवर सुशिक्षितांच्या कचेऱ्यांतील वादाचें स्थळहि बदललें होतें. माठाच्या जागीं गोपनीय अहवाल आला होता. माठावरची हरकत चारचौघांच्या कानीं पडते; शेऱ्यामागचें मन कोणीं वाचावें?

कराडच्या एका शासकीय महाविद्यालयांतील अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्यानें प्रतिकूल शेऱ्यावरून वरिष्ठांविरुद्ध २००६ सालीं फिर्याद दिली. २०११ सालीं एका संचालकांनीं खटल्यास अनुमति नाकारली. तेव्हां २०१६ सालीं खुद्द त्यांच्यावरच फिर्याद झाली. ती रद्द करण्यास मुंबई उच्च न्यायालयानें नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानें मात्र २० मार्च २०१८ रोजीं ती रद्द केली.

येथवर वाद घालण्याजोगें फारसें नाहीं. वरिष्ठांचा प्रत्येक निर्णय जातिद्वेषाचा नसतो, आणि निराधार खटला थांबविण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकार फौजदारी संहितेनें १९२३ सालींच मान्य केला आहे. पण न्यायासन तेथेंच थांबलें नाहीं. कायद्याच्या दुरुपयोगाचें कारण देऊन त्यानें यापुढील सर्वच फिर्यादींना प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली आणि अटकेस पूर्वसंमतीची अट घातली. एका फिर्यादीचा दोष अद्याप न दिलेल्या फिर्यादींच्याहि माथीं बसला.

२ एप्रिलला भारत बंद झाला. त्यांत माणसें प्राणांस मुकलीं. ऑगस्टांत संसदेनें कलम १८-अ घालून त्या अटी निष्प्रभ केल्या, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंच पुनर्विलोकनांत त्या मागें घेतल्या. खोटी फिर्याद हा मनुष्यस्वभावाचा दोष आहे, जातीचा नव्हे, असा त्याचा अभिप्राय पडला. फेब्रुवारी २०२० मध्यें कलम १८-अ हि वैध ठरलें. मात्र सकृद्दर्शनीं गुन्हाच दिसत नसेल तेथें न्यायालयाचा हात मोकळा राहिला.

कराडचा खटला रद्द झाला तो रद्दच राहिला. त्यावरून काढलेला सरसकट नियम तेवढा टिकला नाहीं. हा भेद आम्हां सुशिक्षितांनीं विसरूं नये. अशी फिर्याद रद्द झाल्याचें वाचलें कीं आम्हांस हायसें वाटतें. जणु सर्वच तक्रारींचा निकाल लागला. सिडनहॅमच्या त्या माठावरून तर कोणतीच फिर्याद झाली नाहीं. म्हणून तेथें भेद नव्हता, असें कोण म्हणेल?