बिब्बा: वऱ्हाडच्या रानातले जहाल औषध

सुरळीत चाललेल्या कामात कोणी मोडता घातला की आपण म्हणतो, ‘याने बिब्बा घातला.’ ज्या फळाच्या नावाने हा वाक्प्रचार रूढ झाला, ते फळ मात्र वऱ्हाडातल्या घराघरांत दुखण्यावरचा उतारा म्हणून जपून ठेवले जाई. आजचा धागा त्या फळाविषयी.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा आहे. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या रांगा. तिथल्या पानझडी रानांत बिब्ब्याचे झाड वाढते. हिवाळ्यात केशरी, मांसल देठावर काळे, हृदयाच्या आकाराचे फळ धरते. केशरी भाग सुकवून खातात. आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवांत पडते. या दोहोंच्या मधल्या कवचात मात्र कातडी जाळणारे तेल असते.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात गेला. पुढे रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावच्या शाखामार्गाचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापसाच्या गाठींचा हिशेब दप्तरांत चोख सापडतो. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या आणि वेचणी करणाऱ्या बायांच्या कंबरेचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो शोधायचा तर घरगुती औषधांतच शोधावा लागतो.

साध्या दुखण्याला निरगुडीच्या पाल्याचा शेक, तेल लावून गरम केलेले रुईचे पान, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. एवढ्याने भागले नाही तरच बिब्बा. दाभणाच्या टोकाला तो टोचून दिव्यावर धरायचा आणि पाझरलेल्या तेलाचे बारीक ठिपके दुखऱ्या जागी द्यायचे. पायातल्या काट्याला, टाचांच्या भेगांनाही तेच तेल. वरच्या कातडीवर आग पेटली की खोलातली वेदना काही काळ मागे पडते, असा हा हिशेब. युरोपातले वैद्यही मोहरीचे लेप याच तत्त्वावर लावत. (कृपया घरी प्रयोग करू नये, फोड, व्रण आणि तीव्र अॅलर्जी या गोष्टी खऱ्या आहेत.)

चरकसंहितेत हा ‘भल्लातक’ रसायन म्हणून येतो, पण त्याची तुलना अग्नीशी करूनच. म्हणूनच वैद्य विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे शोधन करीत. अरबी वैद्यकात तो ‘बलाधुर’ झाला आणि स्मरणशक्ती वाढवणारा म्हणून गाजला. सिंधवरील अरब स्वारीचा वृत्तांत ज्याच्या ‘फुतूह अल-बुलदान’मध्ये आपण वाचतो, तो नवव्या शतकातला इतिहासकार अल-बलाधुरी. त्याचे नावच या फळावरून पडले. ते अतिप्रमाणात घेतल्याने त्याला, किंवा दुसऱ्या परंपरेनुसार त्याच्या आजोबांना, वेड लागले असे सांगतात. इतिहासकाराला स्मरणशक्तीचा मोह पडावा, हे समजण्यासारखे आहे!

१५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादग्रंथातही बिब्ब्याला जागा मिळाली. युरोपीय वैद्य त्याला ‘अॅनाकार्डियम’, म्हणजे हृदयासारखा, म्हणत. १७५३ मध्ये लिनियसने ते नाव ब्राझीलहून आलेल्या काजूला दिले. बिब्ब्याच्या वाट्याला पुढे ‘सेमेकार्पस’ आले. अर्थ, खुणेचे फळ. कारण परीट कपड्यांवर त्याच्याच रसाने न पुसणाऱ्या खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कंबरेवर पुरळ उठू लागले. डॉक्टरांनी माग काढला तो धुलाईच्या या काळ्या खुणांपर्यंत. १९४३ मध्ये त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेखही आला. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही वेलीत आणि बिब्ब्यात एकाच कुळातली दाहक द्रव्ये आहेत.

माझ्या मते या इतिहासाचे सर्वांत दुर्लक्षित पान गोडंबी फोडणाऱ्या स्त्रियांचे आहे. विदर्भात हे काम आजही हाताने होते. दगडावर बिब्बा ठेवून घाव घातला की तेल उडते. बोटे काळी पडतात, चेहऱ्यावर आणि हातांवर फोड येतात. गोडंबी बाजारात जाते, आणि दुसऱ्यांच्या दुखण्यावरचे औषध ज्यांच्या हाताला पोळते, त्या बाया संध्याकाळी त्याच हातांना खोबरेल चोळत बसतात.