ढोल वाजवायची हौस कुणाची?



आम्ही बायांनी गटात ढोल वाजवायला घेतला, त्याला आता पाच वर्षं झाली. आमच्यातली कुणी वाजंत्री नाही. कुणी शेतात जाते, कुणी शिवणकाम करते, कुणी अंगणवाडीत आहे. पैशासाठी नाही, हौसेनं वाजवतो. तरी गावोगाव आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "बायांनी ढोल वाजवायची रीत आहे का?" तेव्हा आज या रीतीचाच इतिहास थोडा उलगडून बघू.

छत्रपती संभाजीनगरजवळ औरंगाबादची लेणी आहेत. त्यातलं सातवं लेणं साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं. तिथे दगडात एक नाचणारी बाई कोरलेली आहे. तिच्या दोन्ही अंगांना बसून साथ करणाऱ्या सगळ्या बायाच आहेत. कुणी बासरी धरली आहे, कुणी झांजा, कुणी चामड्याचं वाद्य वाजवते आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक राजाच्या गोष्टीचं चित्र आहे, त्यातही नाचणारीभोवती वाजवणाऱ्या बाया दिसतात. ओडिशात कोणार्कचं तेराव्या शतकातलं सूर्यमंदिर आहे. त्याच्या छताच्या टप्प्यांवर वाद्यं वाजवणाऱ्या बायांच्या मोठमोठ्या मूर्ती उभ्या आहेत, त्यात ढोल-मृदंग वाजवणाऱ्याही आहेत. म्हणजे बाईनं वाद्य हाती घेणं ही काही आजकालची टूम नाही.

लेणी लांबची वाटत असतील तर आपल्या दारातलं उदाहरण घ्या. कडकलक्ष्मी आली की काय दिसतं? पुरुष अंगावर आसूड ओढून घेतो आणि त्याच्यासोबतची बाई, कधी डोक्यावर देवीचा गाडा घेऊन, गुबुगुबु करत ढोलकं वाजवते. लहानपणापासून आपण हे पाहत आलो. त्या बाईला कुणी विचारलं का, की बायांनी ढोलकं वाजवायची रीत आहे का? नाही विचारलं. ती पोटासाठी दारोदार फिरते, म्हणून तिचं वाजवणं चालतं. घरातली लेक-सून आनंदासाठी वाजवते म्हटलं की मात्र रीत आठवते. आमच्या मते खरी अडचण वाद्याची नाहीच, बाईच्या हौसेची आहे.

ताल तर आपल्या हाताला कायमचा होता. जात्याच्या घरघरीवर ओव्या झाल्या, मुसळाच्या ठोक्यावर कांडण झालं. मंगळागौरीला सूप नाचवलं, टिपऱ्या खेळलो, फुगडीला पायांनी ठेका धरला. महालक्ष्मीपुढे काही घरांत बाया घागरी फुंकतात, तोही श्वासाचा तालच. घरातली भांडीकुंडी हीच आपली वाद्यं होती. पण चार लोकांत, चौकात, देवासमोर वाजायचं वाद्य पुरुषाकडे राहिलं. पुष्कळ गावांत महिला भजनी मंडळातसुद्धा गाणाऱ्या आणि टाळ धरणाऱ्या बाया असायच्या, पण मृदंगाला एखादा बाप्या बोलवावा लागायचा.

कारण काय सांगायचे? एक, ढोल जड असतो. दोन, ते देवाचं वाद्य, बाईचा विटाळ होतो. पहिल्या कारणाचा हिशोब सोपा आहे. मिरवणुकीतला ढोल साधारण आठ-दहा किलोंचा भरतो. आपला पाण्याचा हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे भरला की पंधरा किलो आणि वर भांड्याचं वजन. तो डोक्यावर घेऊन विहिरीवरून घरी येताना कुणी म्हटलं नाही की बाईला जड होईल.

दुसऱ्या कारणात मोठी गंमत आहे. चामडं अपवित्र म्हणून ते कमावणाऱ्या आणि वाजवणाऱ्या माणसांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. आणि तेच चामडं ढोलावर चढलं की एवढं पवित्र झालं, की बाईचा हात चालेना! दोन्हीकडे नियम करणारे तेच.

वेशीबाहेरच्या माणसांचं नाव निघालं आहे, तर हलगीबद्दल बोललंच पाहिजे. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं चामडं. वाजवण्याआधी ती जाळावर शेकायची, मग तिचा आवाज खणखणीत येतो. गावची जत्रा, लग्नाची वरात, दवंडी, मयत, सगळीकडे हलगी लागायची. ती वाजवायचे मुख्यतः मांग समाजातले लोक, काही ठिकाणी महारही. हे त्यांचं हौसेचं काम नव्हतं. गावकीचं ठरलेलं काम होतं, बोलावलं की जावं लागायचं आणि मोबदला म्हणून शिळंपाकं किंवा थोडं धान्य पदरात पडायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या या जोखडाविरुद्ध विधेयक मांडलं. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत लोकांनी असलं वाजवणं जाणूनबुजून सोडून दिलं. पुढे १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली.

हे सांगायचं कारण असं, की आज आम्ही "हौस" म्हणतो ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. काहींना वाजवायचं नसताना वाजवावं लागलं. आपल्याला वाजवायचं असून वाजवू दिलं नाही. आपल्या मनानं वाद्य उचलावं आणि मनानं खाली ठेवावं, हे दोघांनाही नव्हतं.

आता ढोल-ताशाकडे येऊ. आज ढोल-ताशा म्हटलं की पुणं डोळ्यासमोर येतं, पण तो मूळचा गावचा. पुण्यात १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला. मिरवणुकीत वाजवायला मुळशी, मावळ अशा भागांतले शेतकरी ढोल आणि लेझीम घेऊन शहरात यायचे. भाताची लावणी उरकलेली असायची, तेवढ्या दिवसांत ही कला दाखवायची आणि परत शेतावर. पुढे शहरातल्या शाळांनी ढोल हाती घेतला. १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू करणाऱ्या अप्पा पेंडसे यांचं नाव यात आवर्जून घेतलं जातं. शाळेची मुलं शिस्तीत, एका वेषात, रांगेनं ढोल वाजवू लागली. मग मुलीही वाजवू लागल्या. शाळेच्या नावानं मुलगी गेली की घरचे फारसं अडवत नव्हते. ती मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न झालं, तरी हात शिवशिवायचा थांबला नाही. आज पुण्याच्या पथकांत विद्यार्थिनी, नोकरदार बाया, गृहिणी अशा पुष्कळ जणी आहेत. उत्सवाच्या दीड-दोन महिने आधी वाद्यपूजन होतं आणि नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव चालतो. मंडळांकडून मिळणारं मानधन वाद्यांवर खर्च होतं, काही पथकं त्यातून समाजकामही करतात.

वाजवण्याची रीत थोडक्यात सांगतो. ढोल कमरेला बांधतात. एका पानावर टिपरू, दुसऱ्या पानावर हाताची थाप. ताशा गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवतात. ढोल कितीही असोत, चाल बदलायची ती ताशाच्या इशाऱ्यावर. म्हणून ताशा शिकायला वेळ लागतो, आणि म्हणूनच मुलींना पुष्कळदा ढोल किंवा झांज दिली जाते आणि ताशा मुलांकडे राहतो. आपल्या गटात हे होऊ देऊ नका. निदान दोघींनी तरी ताशा शिकाच.

बैठकीच्या वाद्यांतही बायांना वाट काढावी लागली. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी तबल्याचं स्वतंत्र वादन केलं आणि पखावज-तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. अनुराधा पाल यांनी उस्ताद अल्लारखा आणि उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडे शिकून तबल्यात नाव मिळवलं.

पण आम्हाला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या बिहारमधल्या बाया. पाटण्याजवळ दानापूर भागात ढिबरा नावाचं गाव आहे. तिथल्या दलित वस्तीतल्या शेतमजूर बायांनी बँड उभा केला. 'नारी गुंजन' संस्थेच्या सुधा वर्गीस यांनी त्यांना पाठबळ दिलं आणि शिकवायला वस्ताद पाठवला. सुरुवातीला घरचे चिडले, गाव हसलं. आता त्या गळ्यात ड्रम अडकवून लग्नात आणि सरकारी समारंभात वाजवतात, आणि मजुरीपेक्षा चांगली कमाई घरी आणतात. ज्यांच्या वाडवडिलांना वाजवून मान मिळाला नाही, त्यांच्याच घरच्या बाया आपल्या अटीवर वाजवतात. बाईची आणि वेशीबाहेरच्या माणसाची, दोन्ही गोष्टी इथे एकत्र येतात.

मैत्रिणींनो, आता चार कामाच्या गोष्टी. ढोलाच्या ताफ्यात आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. एवढ्या आवाजात पंधरा मिनिटांहून जास्त वेळ राहिलं तर कानाला धोका असतो. तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणारे कानातले बोळे घालूनच सराव करा. लहान लेकरांना ढोलाजवळ उभं करू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवायला बंदी आहे. सणाच्या ठरावीक दिवसांत सरकार रात्री बारापर्यंत सूट देतं, ती आधी विचारून घ्या. चामड्याचं पान पावसात सैल पडतं, म्हणून पावसाळी सरावाला फायबरचं पान बरं. पोट दुखत असेल, बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर ती बाई झांज घेईल किंवा बसून ताल मोजेल. पण विटाळ म्हणून कुणाला बाहेर बसवू नका.

सगळ्यात अवघड आहे तो वेळ. ढोल भाड्यानं मिळतो, शिकवणारा मिळतो, संध्याकाळचा एक तास मिळत नाही. तो तास आम्हाला वाटाघाटीनंच मिळाला. कुणाच्या सासूनं चूल सांभाळली, कुणाच्या नवऱ्यानं म्हशीची धार काढली. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यासारखाच हा तासही मांडा आणि ठरवून घ्या.

आणि शिकायला जाल तेव्हा गावातल्या जुन्या हलगीवाल्याकडे, संबळवाल्याकडे आधी जा. त्यांना वस्ताद म्हणा, खुर्ची द्या, ठरवून मानधन द्या. पूर्वी गावात कोण वाजवायचं, का वाजवायचं, कधी सोडलं, हे त्यांच्या तोंडून ऐका आणि वहीत लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या बायांनाही विचारा, त्यांना कोणतं वाद्य वाजवावंसं वाटायचं. त्या वह्या आमच्याकडे पाठवा, पुढच्या एखाद्या भागात आपण त्या सगळ्यांना वाचून दाखवू.

येतो आम्ही. रामराम.