नजरअंदाज आणि नोंदवही

मराठवाड्याच्या खेड्यांत सुगीची गोष्ट निघाली, कीं ‘औंदा किती आणे पीक?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात असे. १९५७ सालीं नाणें दशमान झालें, आणा व्यवहारांतून गेला आणि दफ्तरांतील आणेवारीची पैसेवारी झाली. परंतु मोजण्यामागील कल्पना तीच राहिली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्में, आणि चार आणे म्हणजे शेतकऱ्याच्या दारीं संकट. हा आंकडा कोणीं काढावा, कशाच्या आधारें काढावा, आणि तो चुकल्यास नुकसान कोणाचें व्हावें, हे तीन प्रश्न दिसावयास लहान आहेत. पण घरांत वर्षाअखेर धान्य उरावें कीं कर्ज, हें त्यांच्या उत्तरांवर ठरत आलें आहे.

लातूर जिल्ह्यांतील औसा हें गांव बालाघाटाच्या पठारावरील. येथील भुईकोट किल्ला मलिक अंबराच्या काळीं निजामशाहीच्या मुलखांत होता. १६३६ सालीं तो मोगलांच्या हातीं गेला. मलिक अंबराचें नांव गनिमी काव्यासाठीं घेतलें जातें. तथापि १६२६ सालीं तो वारल्यानंतरही लोकांच्या ध्यानांत राहिली ती त्याची जमाबंदी. त्यानें इजाऱ्याची रीत मोडून काढली. इजारदार अधिक बोली बोलून गांव घेई आणि ती रक्कम रयतेकडून काढी. म्हणजे सारा ठरे तो इजारदाराच्या लोभावर, जमिनीच्या मगदुरावर नव्हे. मलिक अंबरानें जमिनीची प्रत पाहिली, अनेक हंगामांचें उत्पन्न ध्यानीं घेतलें, आणि प्रथम उत्पन्नाच्या दोन पंचमांश धान्य, पुढें त्याऐवजीं सुमारें एक तृतीयांशाइतकी रोकड, असा हिस्सा ठरविला. मागील हंगामांच्या अनुभवावरून पुढील हंगामाची अपेक्षा बांधावयाची, ही साधी गोष्ट. परंतु आजच्या संख्याशास्त्रांतील सर्व ठोकताळ्यांचें बीज तिच्यांत आहे.

पुढें इंग्रजी अमलांत पिकाच्या अंदाजासाठीं तीन संख्यांचा गुणाकार प्रचारांत आला: पेऱ्याचें क्षेत्र, ‘सर्वसाधारण’ वर्षाचें दर एकरीं उत्पन्न, आणि चालू वर्षाची आणेवारी. ह्यांपैकीं क्षेत्र मोजलेलें असे. बाकीच्या दोन संख्या बव्हंशीं डोळ्यांच्या. सरकारी भाषेंत ह्यासच नजरअंदाज म्हणतात. आतां, सर्वसाधारण वर्ष म्हणून कोणी बोट दाखवूं शकेल असें वर्ष कधींच उगवत नाहीं. शेतकऱ्याच्या स्मरणांत उत्तम साल राहतें, आणि त्याच्याशीं ताडून पाहिलें असतां चालू साल कमीच भरतें. अधिकाऱ्यास वसुलाची चिंता असते, म्हणून तेंच पीक त्याला अधिक दिसतें. दोघेही प्रामाणिक असूं शकतात; पण पीक आणि डोळे ह्यांच्या मध्यें प्रत्येकाचा स्वतःचा हिशेब उभा असतो.

ह्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण मुंबई इलाख्यांतील खेडा जिल्ह्याचें. नियम असा होता, कीं पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब करण्याची मागणी रयतेस करतां यावी. सरकारी आंकडा चार आण्यांच्या वर होता, शेतकऱ्यांचा खालीं होता; आणि १९१८ सालीं गांधीजींच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला. त्याच्या मुळाशीं मोठे प्रश्न होतेच. परंतु कागदावरचा वाद एका संख्येचा होता, आणि ती तपासून पाहण्याचें उभयपक्षीं मान्य असें साधन त्या वेळीं कोणाजवळही नव्हतें.

तें साधन लवकरच घडूं लागलें. १९२३ ते १९२५ ह्या काळांत हबॅक नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें बिहार व ओरिसांत भाताच्या शेतांतील लहान तुकडे यदृच्छेनें निवडून, तेथील पीक कापून तोलून पाहिलें. ह्याच मार्गास पुढें शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत एक मराठी नांव अग्रभागीं आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते लंडनला गेले, आणि परत आल्यावर कृषि संशोधन परिषदेंत त्यांनीं पीककापणी प्रयोगांची घडी बसविली. शेत कोणतें, हें पाटलानें किंवा तलाठ्यानें ठरवावयाचें नाहीं; चिठ्ठी निघावी तसें तें निघालें पाहिजे. शेतांत तुकडा कोठें आंखावा, हेंही तसेंच. रस्त्याकाठचें हिरवें शेत दाखवून कोणास फुगवितां येऊं नये, आणि करपलेला कोपरा दाखवून कोणास रडवितां येऊं नये, हा त्यांतील हेतु.

परंतु माणूस चिठ्ठीवरही मात करतो. १९४६ सालीं सुखात्मे ह्यांनीं दाखवून दिलें, कीं तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून अधिक भरतें. ह्याचें कारण मौजेचें आहे. तुकड्याच्या कडेवर उभें असलेलें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला, कीं कापणाऱ्याचा हात तें आंत घेतो. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा तुकड्याची कड चार मीटर असते, म्हणजे दर चौरस मीटरास चार मीटर कड. दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकड्याची कड तीस मीटर आणि क्षेत्र पन्नास चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरास जेमतेम साठ सेंटिमीटर कड. कड जितकी कमी, तितकी संशयाची रोपें कमी. दहा बाय पांच मीटरांचा हाच चौकोन पुढें महाराष्ट्रांतील बहुतेक पिकांच्या कापणीप्रयोगांत रूढ झाला.

मोजणी झाली, नोंद झाली. पुढची पायरी नोंदींवरून ठोकताळा बसविण्याची. ह्या पायरीवर काय साधतें व काय फसतें, हें शेतीपासून फार दूरच्या एका धंद्यानें स्पष्ट दाखविलें आहे. संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिण्याचा हा धंदा; मराठवाड्यांतील कितीतरी घरांचीं मुलें पुण्यास त्यांत आहेत. काम हातीं घेतांना ‘किती माणसें, किती महिने?’ हा प्रश्न तेथेंही येतो, आणि उत्तर दीर्घकाळ मिळे तें अनुभवी माणसाच्या नजरेचें. १९८१ सालीं बॅरी बोहेम ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें पुऱ्या झालेल्या ६३ कामांच्या नोंदींवरून एक सूत्र मांडलें. साध्या, परिचित कामासाठीं तें असें: आज्ञावलीच्या ओळी हजारांत मोजाव्या, त्या संख्येचा १.०५ वा घात करावा आणि त्यास २.४ नें गुणावें. येईल तितके मनुष्य-महिने लागतील. दहा हजार ओळींस सुमारें २७ मनुष्य-महिने, एक लाख ओळींस सुमारें ३०२. काम दसपट, श्रम मात्र अकरापटीहून अधिक. कारण माणसें वाढलीं, कीं एकमेकांस समजावून सांगण्याचें कामही वाढतें.

सूत्र सुटसुटीत होतें. परंतु १९८७ सालीं क्रिस केमेरर ह्या संशोधकानें तें दुसरीकडील १५ कामांस जसेंच्या तसें लावून पाहिलें, तेव्हां सरासरी चूक सुमारें सहाशे टक्के आली. मोठें काम कोणतें व लहान कोणतें, हा क्रम सूत्रानें बऱ्याच अंशीं बरोबर सांगितला. चुकलें होतें तें माप. नीरेच्या कालव्याखालील उतारा औशाच्या कोरडवाहू तुरीस लावावा, तसा हा प्रकार झाला. ठोकताळा उसना आणतां येतो. त्यांतील आंकडे मात्र आपल्याच नोंदवहींतून यावे लागतात.

हें तत्त्व औसा तालुक्याच्या शिवारांतही पाहावयास मिळतें. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत मागील सात वर्षांपैकीं उत्तम पांच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घेण्याचा नियम पुढें रूढ झाला; त्या सरासरीस जोखीमस्तरानें गुणलें, कीं ‘उंबरठा उत्पन्न’ येतें. केवळ उदाहरणादाखल समजा, कीं एका महसूल मंडळांत सोयाबीनचें दर हेक्टरीं उत्पन्न सात वर्षांत १४, ९, १२, १५, ६, १३ आणि ११ क्विंटल आलें. उत्तम पांचांची बेरीज ६५, सरासरी १३. जोखीमस्तर ७० टक्के धरल्यास उंबरठा ९.१ क्विंटल. यंदा कापणीप्रयोगांत ७ क्विंटल भरले, तर तूट २.१ क्विंटलांची, म्हणजे उंबरठ्याच्या सुमारें २३ टक्के. तितक्या प्रमाणांत विम्याची रक्कम मिळावयाची. आतां त्याच शिवाराकडे पाहून कोणीं नजरेनें १० क्विंटल म्हटलें असतें, तर एक पैसाही मिळाला नसता. पैसेवारीचेंही तसेंच. अंतिम पैसेवारी पन्नासच्या आंत कीं बाहेर, ह्यावर टंचाईच्या सवलती वर्षानुवर्षें ठरत आल्या. ४९ आणि ५१ ह्यांतील भेद कोणाच्याही डोळ्यांस दिसणारा नव्हे.

तथापि मोजमापासही देव्हाऱ्यांत बसवूं नये. मंडळाची सरासरी ही मंडळाची असते. ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याचें सारें पीक वाहून गेलें आणि माळावरच्या दहाजणांचें उत्तम आलें, तर सरासरी चांगली निघते. तिला त्या एकाचें दुःख दिसत नाहीं. सात वर्षांच्या नोंदींत आठव्या वर्षाचा अवर्षणाचा तडाखा लिहिलेला नसतो. बोहेम ह्यांनींही बजावून ठेवलें, कीं कामाच्या अगदीं आरंभीं बांधलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा चतुर्थांशही ठरूं शकतो. म्हणून प्रामाणिक अंदाज एकटी संख्या सांगून थांबत नाहीं. ती किती नोंदींवरून आली, त्या नोंदी कोठल्या, आणि चूक कोठपर्यंत संभवते, हें तो सांगतो.

जुन्या नजरेचा अव्हेर करण्याचें कारण नाहीं. कोणत्या शेतांत पाणी साचतें, कोणत्या वर्षीं कीड पडली, हें जाणत्या शेतकऱ्यासच ठाऊक, आणि नोंदवहींतील विचित्र आंकड्याचा अर्थ तोच लावूं शकतो. परंतु नजर वाद मिटवूं शकत नाहीं. कारण माझी नजर खरी कीं तुझी, ह्याचा निवाडा शेवटीं अधिकारच करतो. नोंदवही दोघांनाही उघडून पाहतां येते. सारा ठरविणारा वजीर असो, पंचनामा लिहिणारा तलाठी असो कीं आज्ञावलीची मुदत सांगणारा तरुण असो, आंकडा कशावरून काढला हें ज्याला दाखवितां येतें त्याच्याशीं भांडतां येतें, त्याची चूक काढतां येते आणि ती पुढील वर्षीं सुधारतां येते. दुर्बलाच्या हिताच्या दृष्टीनें मोजमापाचा हाच सर्वांत मोठा गुण होय.