शेण थोडे, खत फार

बटाट्याला कोणते खत घालावे, असे यवतमाळ जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या भाजीपाला पिकवणाऱ्याने कृषी केंद्रात विचारले की उत्तर पोत्यावरच्या नत्र-स्फुरद-पालाशाच्या आकड्यांत मिळते: १८:४६, १०:२६:२६, १५:१५:१५. या आकड्यांचे कूळ जर्मनीत सापडते. रसायनशास्त्रज्ञ लिबिखने १८४० साली पिकाचे पोषण खनिजांच्या हिशेबात मांडले आणि १९१३ साली ओपाऊच्या कारखान्यात हवेतल्या नत्रापासून अमोनिया मोठ्या प्रमाणावर निघू लागला. खताचे दुसरे एक कूळ मात्र याच यवतमाळ जिल्ह्यातले आहे. पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी बसवलेली नाडेप खताची रीत ती हीच. पोत्याकडे वळण्याआधी या घरच्या कुळाची विचारपूस करावी असे मला वाटते, आणि त्यामागे जिल्ह्याचा अभिमान नसून काळ्या जमिनीचा स्वभाव आहे.

नाडेपचा आजा इंदूरचा. १९२४ साली तिथे कापूस समितीच्या पैशावर वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे कंपोस्टची पद्धत घडवली व १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. जमीन यवतमाळसारखीच काळी, कपाशीची. कडक पऱ्हाट्या कुजत नाहीत म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. शेणाची ओढ तर त्याही आधीची. सरपण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि शेत उपाशी राहते, हे इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञ व्होएल्करने १८९३ च्या अहवालातच नोंदवले होते. इंदूरची रीत उत्तम होती, पण खड्ड्यातला ढीग तीनदा उलटावा लागे. संस्थेकडे मजूर होते. एका बैलजोडीच्या शेतकऱ्याने ती माणसे कुठून आणायची? पांढरीपांड्यांनी नेमकी हीच अडचण काढली. खड्ड्याऐवजी जमिनीवर विटांची टाकी, लांबी १० फूट, रुंदी ६, उंची ३, आणि भिंतींत ठेवलेली भोके. हवा आपणच आत शिरते, ढीग उलटण्याचे कामच उरत नाही. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, वर माती, असे थर चढवत जायचे आणि शेवटी शेणमातीने लिंपून टाकायचे. सुमारे दीड टन कचऱ्याला शेण लागते अवघे १०० किलो. दह्याच्या विरजणाइतकेच शेणाचे काम उरले, ही या शोधाची खरी किमया. तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत हाती येते.

यावर जाणकार हसून म्हणेल, त्यात निम्म्याहून अधिक मातीच की! खरे आहे, टाकीत पावणेदोन टन माती जाते. पण चिकण माती उडून जाणारा अमोनिया धरून ठेवते, म्हणजे ती निव्वळ भर नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नत्र एक टक्का धरला तरी टाकीमागे तीसेक किलो होतो, आणि हेक्टरभर बटाट्याला शंभराच्या पुढेमागे लागतो. तेव्हा नाडेपवर सगळे भागेल असे मी म्हणणार नाही. युरिया लागेल, तो लागवडीला आणि भर देताना विभागून द्यावा. स्फुरद काळ्या जमिनीत बहुधा कमीच असतो, तोही द्यावा. पालाशाने ही जमीन सहसा श्रीमंत असते, पण २० टनांचे बटाट्याचे पीक शंभर किलोच्या आसपास पालाश उचलते. म्हणून माती तपासूनच ठरवावे आणि द्यायचाच तर सल्फेटच्या रूपात द्यावा, त्याने बटाट्यात कोरडा अंश अधिक राहतो. मात्र ओली झाली की चिकटणारी आणि वाळली की भेगाळणारी जमीन कोणत्याही पोत्याने भुसभुशीत होत नाही. कंद पोसायला तीच भुसभुशीत लागते, गाजर-मुळ्यालाही तीच. कच्चे शेणखत टाकावे तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. कुजलेले खत म्हणूनच आधी, आकडे नंतर.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पऱ्हाटी निघते फेब्रुवारीत, आणि टाकी भरताना दीड-दोन हजार लिटर पाणी लागते. यवतमाळचा उन्हाळा ते देईलच असे नाही. पावसाळ्यापर्यंत धुऱ्यावर रचून ठेवावी तर गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या तिच्यात तग धरतात, म्हणून कृषी खाते साठवू नका म्हणते, आणि रास्तच म्हणते. विहिरीला पाणी असेल त्याने पऱ्हाटी यंत्रावर बारीक करून लगेच टाकीत घालावी. नसेल त्याने जुलैत, बी धरण्याआधी उपटलेला तरोटा, इतर तण आणि तुराट्यांचे तुकडे भरावेत. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपावा. बटाट्याच्या रब्बी लागवडीला, ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात, टाकी उघडता येते.