हेडलाइटच्या इतिहासात समोरून येणारा माणूस कुठे असतो?

रात्रीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासानंतर गाडीवाल्याला हमखास एक सल्ला मिळतो: 'लाइट कमी पडतोय ना, मग बल्ब बदलून टाक.' माझ्या संशोधनाची सुरुवात या सल्ल्यातूनच झाली. आज त्यात मी केलेली एक चूक सांगते, कारण विषय कुठलाही असो, पहिला आराखडा लिहिताना तुमच्याकडूनही ती होण्याची दाट शक्यता आहे.

माझा पहिला आराखडा म्हणजे एक शिडी होती. सर्वात खाली कार्बाइडचे दिवे: कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवायचं आणि तयार होणारा ॲसिटिलीन वायू पेटवायचा. वरच्या पायरीवर १९१२ची कॅडिलॅक, जिच्यात विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले. मग १९६२चा एच१ हॅलोजन बल्ब, १९७१चा एच४, १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये आलेला झेनॉन, आणि शेवटी एलईडी. प्रत्येक पायरीला उजेड वाढतो. तारखा बरोबर, क्रम बरोबर. मी खूश!

गाईड मॅडमनी आराखडा वाचला आणि एवढंच विचारलं, "हा सगळा उजेड कुणाच्या डोळ्यांत जातोय?"

खरं सांगायचं तर तेव्हा राग आला. पण त्या प्रश्नासह तीच माहिती पुन्हा वाचली तेव्हा शिडी मोडली. कशी ते बघा.

एच४ बल्ब हातात घेऊन पाहा. आत दोन फिलामेंट असतात, ६० वॅटची अप्परसाठी आणि ५५ वॅटची डिप्परसाठी. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. वाटीची एक कड तिरकी असते. त्यामुळे आपल्याकडे डावीकडची कडा, पायी चालणारे आणि पाट्या थोड्या जास्त उजळतात, आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात. म्हणजे या बल्बमध्ये मुद्दाम उजेड अडवणारा एक भाग बसवलाय. माझ्या शिडीत त्याला जागाच नव्हती. 'उजेड वाढत गेला' एवढंच सांगणाऱ्या इतिहासात त्या वाटीचं काय करायचं?

मग अशा गोष्टी आणखी दिसू लागल्या. फ्रान्सने १९३६ साली पिवळ्या हेडलाइटची सक्ती केली आणि ती १९९३पर्यंत टिकली. पिवळी काच काही उजेड गाळते, म्हणजे एका देशाने जवळजवळ सहा दशकं थोडा कमी उजेड मुद्दाम पत्करला. झेनॉनचंही तसंच. ३५ वॅटचा झेनॉन बल्ब सुमारे ३,२०० ल्युमेन उजेड देतो, तर एच४चा डिप्पर सुमारे १,०००. म्हणून युरोपच्या नियमांनी २,००० ल्युमेनच्या वरच्या डिप्परला दोन अटी घातल्या: मागच्या सीटवर किंवा डिकीत वजन वाढलं तर दिव्याने आपोआप खाली झुकायचं, आणि काच धुण्याची सोय हवी, कारण मळलेली काच उजेड भलतीकडे पसरवते.

इथे सावध राहा. आता उलटी शिडी बांधू नका, म्हणजे 'नियम शहाणे, वापरणारे बेजबाबदार' अशी. अमेरिकेने १९४०पासून सीलबंद दिवा सक्तीचा केला. त्यात काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळं एकसंध. फायदा असा की कुठल्याही गावात तोच दिवा मिळायचा आणि बदलला की रिफ्लेक्टरही नवा कोरा. पण नुसता बल्ब बदलता येणारे दिवे तिथे १९८३पर्यंत अडकून राहिले. समोरच्याचं रक्षण करणारा नियम सुधारणाही रोखू शकतो.

आता आपल्या रस्त्यावर या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला नियम १०६ काढून वाचा. दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, असं तो सांगतो. किती खाली? दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे ०.५ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणार नाही इतका. वाचता वाचता मी थांबलेच. बल्बच्या जाहिरातींत न सापडलेला माणूस इथे चक्क मीटरमध्ये मोजून उभा होता! मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीत मनासारखे बदल करण्यावर मर्यादा घालतं, तेही याच्या जोडीला वाचा.

मग बल्ब बदलणारे सगळे चुकीचे का? नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. फिलामेंटच्या बल्बचा उजेड साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ घाताने बदलतो. बारीक वायर आणि झिजलेल्या स्विचमुळे बल्बपाशी १० टक्के व्होल्टेज कमी पोचलं, तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. जुन्या गाडीवाल्याची तक्रार खरी असते, पण दोष बल्बचा असेलच असं नाही. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आधी रिले टाकून जाड वायरिंग करतो, आणि तोच ६०/५५चा बल्ब उजळतो. त्याऐवजी जुन्याच वायरिंगवर १००/९०चा बल्ब लावला, तर दोन दिव्यांचा अप्परचा प्रवाह १० अँपियरवरून जवळपास १७वर जातो. वायर तापते, व्होल्टेज आणखी पडतं. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉनचा किट बसवला, तर उजेडाचा उगम फिलामेंटच्या नेमक्या जागी राहीलच याची खात्री नसते. मग झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यातून संशोधनासाठी मी तीन गोष्टी घेतल्या. एक, लोकांची तक्रार आणि तिचं कारण वेगवेगळं तपासायचं. 'उजेड कमी' हा अनुभव झाला, 'बल्ब कमजोर' हे अनुमान. दोन, वस्तू हाही पुरावाच असतो. ती पत्र्याची वाटी मला बऱ्याच छापील पानांपेक्षा जास्त सांगून गेली. तीन, स्रोत कुणी कुणासाठी लिहिलाय ते विचारायचं. जाहिरात विकत घेणाऱ्याशी बोलते. समोरून येणारा काही विकत घेत नाही, म्हणून तो तिथे नसतो. त्याला नियमांत, न्यायालयाच्या निकालांत, अपघाताच्या पंचनाम्यांत शोधावं लागतं.

तुमचा विषय धरणाचा असेल, शाळेचा असेल, नाहीतर पिठाच्या गिरणीचा. आराखडा पाठवण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्या गोष्टीचा फायदा न मिळताही तिचा परिणाम कुणावर होतो, ते लिहा. कागद कोराच राहिला, तर आराखडा अजून पाठवू नका.